कुंडीतल्या वेलींच्या तऱ्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्ही कुंड्यांविषयी बोला, असे चिटणीसबाईंनी सुचवले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण कधी केलेले नाही. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या वेलींनी तुम्हांला काय शिकवले तेवढेच सांगा." तेवढे सांगता येईल असे वाटले, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझ्या घरी तीन वेली आहेत. तिघींनीही कधी ना कधी काहीतरी चमत्कारिक वागून मला कोड्यात टाकले. त्यांतल्या दोघींच्या बाबतीत माझी चूक निस्तरता आली. तिसरीच्या बाबतीत ती राहूनच गेली. तिच्याविषयी शेवटी सांगेन.

पहिली वेल आपणां सर्वांच्या ओळखीची, मनी प्लँट. आमची कुंडी आतल्या खोलीत कपाटावर होती. वर्षभर वेल छान होती. मग ती भराभर लांबू लागली; पण दोन पानांमध्ये वीतभर नुसता दांडा, नवे पान आधीच्याहून लहान, आणि त्यावरचे पिवळे शिंतोडेही नाहीसे झालेले. मला वाटले, खायला कमी पडते आहे. म्हणून मी पाणी वाढवले आणि चहाचा चोथा घातला. तशी बुंध्याकडची पाने पिवळी होऊन गळू लागली. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, वेल खाली लोंबली की घरातला पैसा जातो. त्याच महिन्यात आमच्या ह्यांचा जादा कामाचा भत्ता बंद झालेला! मी मनातून घाबरलेच.

खरे कारण साधे होते. वेलीला उजेड कमी पडत होता, म्हणून ती उजेडाच्या शोधात ताणली जात होती. दांडा लांबवण्यात तिची शक्ती जाई, मग पानाला काय उरणार? शिवाय अंधारात माती लवकर सुकत नाही. त्यात मी पाणी वाढवल्याने मुळे कुजू लागली होती. कुंडी खिडकीजवळ आणली, दुपारचे कडक ऊन मात्र लागू दिले नाही. वरची बोटभर माती सुकल्याशिवाय पाणी घालायचे नाही, असा नेम केला. लांबलेल्या दांड्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला एक तरी पेर ठेवले, आणि ते पाण्याच्या बाटलीत उभे केले. तीनेक आठवड्यांत मुळ्या सुटल्या. मग ते त्याच कुंडीत भोवताली लावले, तशी कुंडी पुन्हा भरली. नुसते पान पाण्यात ठेवून उपयोग नाही. त्याला मुळी फुटली तरी वेल होत नाही. नवा कोंब पेरातूनच निघतो.

पेरापाशी तपकिरी खुंट निघतात, ती हवेतली मुळे. काहीजणींना तो रोग वाटतो आणि त्या ती खुडून टाकतात. खुडू नयेत. वेल त्यांनीच धरून चढते. एका काठीला काथ्या गुंडाळून ती कुंडीत रोवावी, वेल तिला सुतळीने सैल बांधावी आणि काथ्यावर अधूनमधून पाणी शिंपडावे. चढू लागली की पाने मोठी होतात, लोंबत राहिली की बहुधा लहानच राहतात. बागेत झाडावर चढलेली हीच वेल सुपाएवढी फाटकी पाने धरते, आणि आपण तिला ओळखतसुद्धा नाही.

माझ्या मुलाने मला वाचून दाखवले की, ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या ताहितीजवळच्या मूरेआ बेटावरची. तिला फूल येत नाही, कारण फुलासाठी लागणारे जिबरेलीन नावाचे द्रव्य तिच्यात पुरेसे तयार होत नाही, असे शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले. तेव्हा फूल येत नाही म्हणून कोणी स्वतःच्या हाताला दोष देऊ नये.

दुसरी वेल सिंगोनियम. आणली तेव्हा पाने बाणाच्या टोकासारखी होती. काठीवर चढवली, तशी दोन वर्षांनी तिला तीन भागांची पाने येऊ लागली. मला वाटले, कुंडीत दुसरेच काही उगवले, आणि ते उपटायला निघाले होते! पण या वेलीचे बाळपणीचे पान निराळे आणि मोठेपणीचे निराळे. बाणासारखीच पाने हवी असतील, तर वर चढणारा शेंडा खुडत राहावा. माझ्या कुंडीत एक फांदी सगळी पांढरीच निघाली. दिसायला सुरेख, पण पांढऱ्या पानात हरितद्रव्य नसते, त्यामुळे ते स्वतःचे अन्न करू शकत नाही, बाकीच्या वेलीच्या जिवावर जगते. अशी फांदी हिरव्या-पांढऱ्या पानापर्यंत मागे कापावी.

लेकुरवाळ्या भगिनींसाठी एक सूचना. मनी प्लँट आणि सिंगोनियम ही दोन्ही अळू-सुरणाच्या कुळातली आहेत. कच्चे अळू जसे घशाला खाजते, तशीच यांची पाने चावली तर तोंड आणि घसा जळतो. रांगत्या मुलाच्या हाताला येतील अशी ठेवू नयेत.

आता तिसरी वेल, होया. तिची पाने जाड, आणि फुलांचा झुबका मेणाचा केल्यासारखा दिसतो. ती रुईच्या कुळातली, म्हणून कापली की पांढरा चीक येतो. ही वेल माझ्या सासूबाईंनी २००८ साली एका लग्नघरून फांदी मागून आणून लावली. तिची तऱ्हा अशी की, मधूनच हात-दीड हात लांबीचा नुसता दांडा काढायची. त्याला पान नाही, काही नाही. तो वाळत घालायच्या दोरीला विळखा घाली, आणि धुतलेल्या कपड्यांत अडके. मी कात्री घेऊन तो दर वेळी छाटत असे. सासूबाई म्हणत, "अगं, नको कापूस. मी तिचं फूल पाहिलंय." मी म्हणे, "फूल कुठलं, नुसती काठी आहे ही." त्या पुढे काही बोलत नसत. खिडकीपाशी बसून माझी छाटणी पाहत राहत.

२०१७ साली त्या गेल्या. त्यानंतर त्या वेलीला हात लावायला माझे मन होईना. पाणी घाली, तेवढेच. दांडे वाढले, खिडकीच्या गजांत गुंतले. काही महिन्यांनी त्या नागव्या दांड्यांवर जोडीजोडीने पाने आली. तेव्हा मला कळले की या वेलीचा दांडा आधी आधार शोधत पुढे जातो, आणि पाने मागाहून धरतो. मी दर वेळी तो अर्ध्यातच तोडत होते. २०१९ च्या वैशाखात पानाच्या बगलेतून एक बारीक खुंट निघाला, आणि त्यावर चांदण्यांसारख्या फुलांचा झुबका आला. रात्री वास सुटला, तसे आमचे हे उठून विचारायला आले, "उदबत्ती कोणी लावली?" मी खिडकीकडे बोट दाखवले. मग आम्ही दोघेही काही बोललो नाही.

फुले गळल्यावर तो सुका दिसणारा खुंट मी टापटिपीसाठी कापणारच होते. पण रोपवाटिकेतल्या माळीदादांनी सांगितले, "बाई, तो ठेवा, त्याच खुंटाला पुन्हा फूल येतं." तसेच झाले. आता मी तिचे लांब दांडे तारेच्या कड्यावर गोल फिरवून घेते. कुंडी लहानच ठेवते, माती सुकल्यावरच पाणी घालते आणि सकाळचा उजेड मिळू देते.

माझे सांगणे एवढेच आहे की, वेल वेगळी वागू लागली तर आधी कात्री घेऊ नये. उजेड पाहावा, माती बोटाने चाचपावी, तिला आधार हवा आहे का ते पाहावे, आणि महिनाभर वाट पाहावी. आणि घरात कोणी तिचे फूल पाहिलेले असेल, तर त्यांना विचारावे. ज्या भगिनींना होयाची फांदी हवी असेल त्यांनी माझ्याकडे यावे, मी देईन. सासूबाईंनीही ती मागूनच आणली होती.