धोका आणि जोखीम
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, सर्वांचं मनापासून अभिनंदन! समितीने मला ‘जोखीम’ या विषयावर बोलायला सांगितलं. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार? पण काळजी नको, व्याजदर सांगणार नाही.

धोका आणि जोखीम हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण समुद्र खवळणं हा धोका, आणि त्या दिवशी होडी पाण्यात घालणं ही जोखीम. धोका सहसा आपल्या हातात नसतो, जोखीम बरीचशी असते. जुन्या व्यापाऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्यात ‘जोखमी हुंडी’ चालायची. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर नाही. वादळ थांबवता येत नाही, पण नुकसान कोणी सोसायचं हे आधी ठरवता येतं.

आता आपल्या डहाणू-तलासरीचंच बघा. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात धक्के सुरू झाले. लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि घराबाहेर पळताना पडून एका लहान मुलीचा जीव गेला. घर तिच्या अंगावर पडलं नव्हतं. ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. म्हणजे १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपापुढे आपले धक्के फारच लहान. पण लहान धक्क्यातही माणूस पडतो, भिंतीला न बांधलेलं कपाट कोसळतं. मोठा भूकंप कधी होईल हे कोणीच सांगू शकत नाही. मग आपल्या हातात काय? पलंगाच्या डोक्याशी जड कपाट नको. माळ्यावर पितळी हंडे रचून ठेवायचे नाहीत. आपल्या आरसीसी इमारतीत धक्का सुरू असताना जिन्याकडे धावायचं नाही. टेबलाखाली बसायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. हादरे थांबले की गॅस आणि मेन स्विच बंद करून जिन्याने उतरायचं. लिफ्टने नाही, बरं का!

आणि तो जिना मोकळा हवा. तिथल्या सायकली, कुंड्या, जुने सोफे कोणाचे हे मी सांगत नाही, ज्याचं त्याला माहीत आहे.

आता कामाच्या जागेकडे वळू. बँकेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. हा अविश्वास नव्हे. एकट्या माणसाची चूक किंवा मोह, दोन्ही अडावेत म्हणून ती सोय. आपली बरीच मुलं तारापूरला शिफ्टला जातात. त्यांना सांगणं एवढंच की हेल्मेट हा शेवटचा उपाय आहे. आधी धोकाच काढता येतो का बघा, मग यंत्राला जाळी, मग कामाचा परवाना, आणि सर्वांत शेवटी हेल्मेट. बंद टाकीत सहकारी बेशुद्ध पडला तर जीव कितीही तुटला तरी तसंच आत उतरू नका. अशा वेळी वाचवायला गेलेलेच अनेकदा जीव गमावतात.

हाच नियम आपल्या सेप्टिक टँकलाही लागू आहे. साफसफाईला येणारा माणूस त्या दिवशी आपल्याकडे कामावर असतो, म्हणजे आपली सोसायटी ही त्याची कामाची जागा. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ‘दोनशे रुपयांत करतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा, यंत्राची गाडी बोलवा. वाचवलेले पैसे आपले आणि जोखीम त्याची, हा हिशेब मला मान्य नाही.

शेवटी रोखीचा विषय. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं. आपली इमारत आता पंचविशीची. सिंकिंग फंडाला दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम द्यायची असते. सर्वसाधारण सभेत ‘हा पैसा पडूनच आहे’ असं कोणी म्हणालं, तर सांगा की छत्री उन्हाळ्यातच घ्यायची असते. इमारतीचा विमा घेताना त्यात भूकंप आहे ना, तेही वाचून बघा.

म्हणून समितीला तीन विनंत्या करतो. यंदा ऑडिट करून घ्या. वर्षातून दोनदा भूकंपाचा सराव घ्या आणि त्यात वॉचमन व घरकामाला येणाऱ्या ताईंनाही बोलवा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करून प्रत्येक मजल्यावर त्यांच्यासाठी एक जबाबदार शेजारी नेमा. यासाठी फारसा खर्च नाही. आमच्या मजल्यावर मी नाव द्यायला तयार आहे, फक्त गुडघ्यांमुळे जोडीला एक तरुण द्यावा.