विश्वास कोणावर ठेवावा?

(पाथर्डी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

दुष्काळ, ऊसतोड आणि सहकार या विषयांवरील चर्चा आटोपल्यानंतर आता कथेविषयी, आणि तेही भीषण कथेविषयी बोलावयाचे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्यांच्या आयुष्यात मुळातच काळोख आहे, त्यांनी काळोखाच्या गोष्टी वाचून काय साधावयाचे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. निराशा पसरविणारे साहित्य म्हणून पुरोगामी मंडळींनी अशा कथांकडे पुष्कळदा पाठ फिरविली आहे. मला ही भूमिका चुकीची वाटते. आणि ती का चुकीची वाटते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्याकडे भयकथेचा वाचक मोठा आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी तो घडविला. बाहेरून साधे दिसणारे घर, गोड बोलणारा शेजारी, निरागस वाटणारे मूल आणि शेवटी उघडे पडणारे वेगळेच रूप, ही या कथांची परिचित वाट. तिच्यातील गंमत मी नाकारीत नाही. परंतु ज्या कथेत दुष्टपणा भुताखेताच्या रूपाने बाहेरून येतो, ती कथा संपली की आपण दिवा लावतो आणि निर्धास्त होतो. मला चिंता आहे ती दिवा लावल्यावरही न संपणाऱ्या कथांची.

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या. गावाकडून मुंबईस आलेल्या भीमाची खाणीतील मजुरी सुटते. पोटासाठी तो रात्री स्मशानात जाऊन प्रेते उकरतो आणि त्यांच्या अंगावरील सोन्याचा कण विकून मुलाबाळांना जगवितो. प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात, आणि बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता नेमकी त्यानंतर येते. दुरून पाहणाऱ्यास स्मशानात राक्षस दिसेल. जवळ जाऊन पाहावे तर तो बेकार मजूर आहे. येथे रूप फसविते ते भीमाला नव्हे. ते आपल्याला फसविते.

बाबूराव बागुलांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून मांडला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीवर परमुलखात जातो, जात सांगत नाही आणि एका सवर्ण सहकाऱ्याच्या घरी राहतो. तो सहकारी त्याच्या कवितांवर लुब्ध आहे, त्याला कवी म्हणून मान देतो. जात उघडकीस येताच त्याच घरातून मारहाण सुरू होते. आता फसविले कोणी? रूढ न्याय म्हणेल, नायकाने फसविले. ‘चोरली’ हा शब्दही तोच आरोप करतो. पण वाचकाला कळून चुकते की खोटे होते ते त्या घराचे अगत्य. त्या अगत्याला एक अट होती, आणि ती उच्चारलेली नव्हती. नायकाचे लपविणे हे जगण्याचे साधन होते. यजमानाचे सौजन्य हा मुखवटा होता. समाजव्यवस्था मात्र पहिल्याला गुन्हा म्हणते आणि दुसऱ्याला संस्कृती.

जी. ए. कुलकर्णी हे आपल्या पंथाचे लेखक नव्हेत. त्यांचा नियतीवाद आपल्याला मान्य होणार नाही. तथापि ‘पिंगळावेळ’ या १९७७ च्या संग्रहातील ‘स्वामी’ ही कथा प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी असे मी म्हणेन. वाटेत अडकलेला एक प्रवासी एका महंताच्या अगत्याला भुलून मठात जातो. तेथे त्याची उत्तम बडदास्त ठेवली जाते, आणि मग कळते की मठाला स्वामी हवा आहे, आणि तो स्वामी भूमीखालच्या खोलीतून पुन्हा कधीही बाहेर पडावयाचा नाही. त्याला कोणी शिवी देत नाही, कोणी हात उगारीत नाही. त्याची पूजा करणारी मंडळीच त्याचे तुरुंगाधिकारी आहेत. ज्यांनी माणसाला मखरात बसवून निकामी केलेले पाहिले आहे, त्यांना ही कथा केवळ अद्भुत वाटणार नाही. आपल्या नेत्यांचे पुतळे उभारून त्यांच्या विचाराचे आपण काय केले, हेही एकदा मनाशी तपासून पाहावे.

आता ज्या कथेसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. सआदत हसन मंटो यांची ‘खोल दो’ ही कथा फाळणीनंतर लगेच, १९४८ साली लाहोरात प्रसिद्ध झाली आणि ती छापणाऱ्या मासिकावर सहा महिने बंदी आली. निर्वासितांच्या लोंढ्यात सिराजुद्दीन या म्हाताऱ्याची तरुण मुलगी सकीना हरवते. निर्वासितांना शोधून आणणाऱ्या आठ स्वयंसेवकांना तो तिची खूण सांगतो, त्यांना दुवा देतो. त्यांना ती सापडते. ते तिला धीर देतात, खाऊपिऊ घालतात. पुढे रुग्णालयात मरणासन्न सकीनाचे हात ज्या रीतीने हालतात, त्यावरून त्या आठजणांनी काय केले ते डॉक्टरला कळते. बापाला मात्र मुलगी जिवंत आहे एवढेच दिसते.

मित्रहो, हे आठजण शत्रुपक्षाचे नव्हते. ते त्याच समाजाचे होते, सेवाकार्याला वाहून घेतलेले स्वयंसेवक होते. आपणही कार्यकर्ते आहोत. म्हणून ही कथा दुसऱ्याविषयीची म्हणून वाचण्याचा अधिकार आपल्याला नाही. खादी, झेंडा, बिल्ला, क्रांतीची भाषा हाही एक वेषच आहे, आणि वेषावर विश्वास टाकणारी माणसे आपल्याही दाराशी येतात.

आणखी एक गोष्ट पाहा. सिराजुद्दीन मूर्ख होता काय? त्याने अधिक सावध राहावयास हवे होते, असे म्हणणे म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय करणे होय. त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. आंधळा विश्वास आणि अगतिक विश्वास यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. उपदेशक पहिल्याविषयी बोलतात. या कथा दुसऱ्याविषयी बोलतात.

हे अंतर पाथर्डी तालुक्याला मी समजावून सांगावे असे नाही. नवरात्रात मोहट्याच्या देवीची यात्रा होते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादम येतो तो ओळखीचा माणूस म्हणून. बहुधा गावचा, नात्यातला. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला, बियाण्याला तो उचल देतो, आणि त्या क्षणी तो उपकारकर्ता दिसतो. नवरा-बायकोची जोडी मग ‘एक कोयता’ होते. हंगाम संपल्यावर हिशेब होतो, तेव्हा उचल फिटलेली नसते; तीच पुढल्या वर्षाची साखळी ठरते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. परंतु जेथे बेडी मदतीच्या रूपाने येते, तेथे ती बेडी आहे हे सिद्ध करणेच अवघड होऊन बसते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कामाचा खाडा परवडत नाही म्हणून जी स्त्री डॉक्टरच्या शब्दावर मान डोलावते, तिला भाबडी म्हणावयाचे, की तिच्यापुढे दुसरी वाट न ठेवणाऱ्या व्यवस्थेला निर्दय म्हणावयाचे?

म्हणून ‘लोकांनो, सावध व्हा’ एवढे सांगून आपले काम संपत नाही. सावधपणा हा ज्याच्याजवळ पर्याय आहे त्याचा गुण आहे. गावात हाताला काम असेल, सरकारी दवाखान्यात डॉक्टर असेल, कर्ज देणारी सोसायटी चालू असेल, तर माणूस मुकादमाला दोन प्रश्न विचारू शकेल. पर्याय निर्माण करणे हे आपले राजकारण. आणि प्रश्न कोणते विचारावयाचे, हे शिकविणे हे या कथांचे काम. या अगत्याला कोणती न उच्चारलेली अट आहे? या उपकाराचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो? ही तीच नजर आहे, जी बुवाबाजीविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर लोकांना देऊ पाहत होते आणि जिच्यासाठी २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचे प्राण गेले.

मात्र संशय हेच तत्त्वज्ञान करून बसू नका. कोणावरच विश्वास नाही असा समाज संघटित होऊ शकत नाही, आणि त्याचा लाभ सत्ताधाऱ्यांनाच होतो. बागुलांच्या कथेत नायकाला वाचविणारा काशिनाथही आहे. तो गोड बोलत नाही, उलट रागीट आहे. पण मार पडत असताना धावून येतो तो तोच. रूपावरून नव्हे, अशा वेळच्या कृतीवरून माणूस ओळखावा, एवढाच निकष मला या कथांनी दिला.

उद्या आपण गावोगाव जाल. लोक आपल्याला चहा देतील, घरचे दुःख सांगतील, सही मागितली तर सही देतील. त्या प्रत्येक वेळी सिराजुद्दीन समोर बसला आहे असे समजा. विश्वास मागण्यापूर्वी आपल्या पावतीपुस्तकाचा, निधीचा आणि शब्दाचा हिशेब त्याच्यापुढे आपण होऊन ठेवा. जी संघटना आपला हिशेब न मागता देते, तिच्यावर कोणाला डोळे मिटून विश्वास ठेवावा लागत नाही.