नोंद ठेवणाऱ्याची परीक्षा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपापल्या कामाविषयी चार शब्द बोला, असं संयोजकांनी सांगितलं. माझं काम कॉम्प्युटरच्या नोंदवहीचं. शाळेच्या ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असायचं, तसंच सर्व्हरवरही असतं. ते लिहिणारा प्रोग्रॅम पडद्यामागे अखंड चालू असतो. कोण आत आलं, कुठे बिघाड झाला, सगळं वेळेसकट टिपतो. १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी ‘सिसलॉग’ लिहिलं. आज अनेक लिनक्स सर्व्हरवर त्याच परंपरेतलं ‘आरसिसलॉग’ असतं.

हा प्रोग्रॅम सुरू करताना त्याला काही पर्याय देता येतात, उदाहरणार्थ सेटिंगची फाइल कोणती वापरायची. तो पर्यायच चुकला तर? इतरांच्या तक्रारी या वहीत जातात. पण वही लिहिणाराच दारात अडला, तर त्याची तक्रार कोण लिहिणार? तो गप्प बसला तर आपणही निर्धास्त राहतो. मग एखाद्या रात्री सर्व्हरमध्ये कुणी घुसतं, आपण वही उघडतो आणि पानं कोरी!

म्हणून आम्ही मुद्दाम चुकीचे पर्याय देतो आणि तीन गोष्टी बघतो. थांबताना तो शून्य सोडून दुसरा आकडा परत करतो का? कारण शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’. नेमकं काय चुकलं ते स्क्रीनवर सांगतो का? आणि मागे अर्धवट चालू तर राहत नाही ना? नुसत्या आकड्यावर भागत नाही. प्रोग्रॅम मुळात सापडलाच नाही, तरी शेल १२७ हा आकडा देतं, आणि काहीही न तपासता चाचणी पास होते!

जुन्या पर्यायांचा न्याय मात्र वेगळा. आरसिसलॉगमध्ये पूर्वी ‘सी’ नावाचा पर्याय होता. पुढे तो रद्द झाला, पण कुणी दिलाच तर प्रोग्रॅम थांबत नाही; ‘आता हा चालत नाही’ असं बजावतो आणि कामाला लागतो. एका जुन्या अक्षरापायी नोंदच बंद पडणं जास्त महाग. तिथे आमची चाचणी उलटी: सुरू झालंच पाहिजे, पण बजावून.

तुमच्यापैकी कुणी सर्व्हर सांभाळत असेल, तर सेटिंग बदलल्यावर आधी ‘एन १’ पर्याय देऊन ती तपासा, मगच आरसिसलॉग पुन्हा सुरू करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.