बुरूड राजाच्या कोटातलं खापर



वसईचा इतिहास विचारा. मास्तर तीन तारखा फेकतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी अप्पानं जिंकली. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावानं इथंच इंग्रजांशी तह केला. म्हणजे काय, तर मालक बदलले. किल्ल्याचे चिरे कुणाच्या डोक्यावरून गेले, ते या यादीत नाही. यादी पाठ केली की मार्क मिळतात, आपला पत्ता मिळत नाही.

तो पत्ता नालासोपाऱ्यात आहे. लोकलला लटकणारी गर्दी जिथं उतरते, त्याच स्टेशनाच्या पश्चिमेला सोपाऱ्यात एक टेकाड आहे. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत आले. बुरूड म्हणजे बांबू चिरून सुपं-टोपल्या विणणारा. गावानं त्याच्या सुपात धान्य पाखडलं आणि त्याला मात्र लांब बसवलं. संस्कृतात सुपाला शूर्प म्हणतात, अन् या गावाचं जुनं नाव शूर्पारक. पंडितांनी काय अर्थ लावायचा तो लावावा. लोकांच्या तोंडी राजा बुरूडच राहिला.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते टेकाड खणलं. कोट निघाला नाही, स्तूप निघाला. दगडी पेटीत बुद्धांच्या आठ मूर्ती, मधे तांब्याचा करंडक. करंडकात करंडक, सगळ्यात आत सोन्याचा. आणि सोन्यात काय? मातीच्या भांड्याच्या खापऱ्या! भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या. पेशवाईत पुण्यात थुंकीसाठी आमच्या गळ्यात मडकं आलं. इथं मातीचं भांडं सोन्यात ठेवलं होतं. दोन संस्कृतींतला फरक यापेक्षा वेगळा काय सांगू?

याच गावचा पूर्ण. दिव्यावदानात त्याची कथा आहे. बाप श्रीमंत व्यापारी, आई घरातली दासी. बाप आजारी पडला, बायको-मुलांनी सोडला, दासीनं जगवला. बापामागं वाटण्या झाल्या, तेव्हा भाऊ म्हणाले, दासीच्या पोराला कसला वाटा? वाटणीच्या मालात त्यालाच धरलं! तोच पूर्ण पुढं समुद्रावरचा मोठा व्यापारी झाला, मग भिक्खू झाला आणि बुद्धाला शूर्पारकात घेऊन आला. गावाचा पहिला नायक दासीपुत्र आहे, दोस्तहो.

आणि अशोक. त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सोपाऱ्यात सापडला. त्यात राजा शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रेला निघतो, खेड्यापाड्यातल्या माणसांना भेटतो. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावात मिळाला, १९५६ साली. साल ध्यानात ठेवा. त्याच साली बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. नववा लेख म्हणतो, लग्नाबारशाचे, आजारपणाचे विधी फारसं फळ देत नाहीत. दास आणि नोकरांशी नीट वागणं, हेच खरं मंगल.

बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेलं हे वाक्य आजही नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराच्या बाजूचं आहे. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या बाजूचं आहे.

शिलालेख मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. करंडक आणि मूर्ती एशियाटिक सोसायटीत. काचेमागं सुरक्षित आहेत, ठीक. पण काचेमागचा इतिहास मुका असतो. त्याला तोंड आपण द्यायचं. वस्तीतल्या पोरांना टेकाडावर न्या. पूर्णाची गोष्ट सांगा. बुरुडाचं नाव मान वर करून घ्या.

किल्ला ज्यांचा असेल त्यांचा असो. हे खापर आपलं आहे.

जय भीम.