शाळा सोडण्याचे कारण

शिराळ्यापासून जतपर्यंत जिल्ह्याच्या दहाही तालुक्यांतून विट्याला आलेल्या मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो,

आटपाडीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत माझी एकतीस वर्षे गेली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. अध्यक्षपदासाठी आपण माझ्यासारख्या आडवळणाच्या शाळेतल्या बाईला बोलावलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. वेतनेतर अनुदान, शिपायांची रिक्त पदे, संचमान्यता या प्रश्नांवर दुपारच्या सत्रात ठराव येणार आहेत आणि त्यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझ्या वाट्याचा वेळ मात्र मी एकाच गोष्टीसाठी मागून घेते.

दहावीचा निकाल लागला की आपल्या सगळ्यांच्या टेबलावर एकच काम असते, दाखल्यांवर सह्या. लिपिक गठ्ठा आणून ठेवतो. जनरल रजिस्टरवरून उतरवलेले नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख आपण ताडून बघतो. प्रगती, वर्तणूक या रकान्यांत 'चांगली' असते. मग येतो 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना. तिथे आपण 'इ. १० वी उत्तीर्ण' लिहितो, नाहीतर 'पुढील शिक्षणासाठी'. खाली सही, शिक्का, तारीख. अशा किती दाखल्यांवर मी सही केली असेल याची गणती नाही. पण ज्यांच्यापुढे 'पुढील शिक्षणासाठी' लिहिले, त्यांतली किती मुले खरोखर पुढे शिकली, हे मला कुणी विचारले तर मला उत्तर देता येणार नाही. तुमच्यापैकीही फार थोड्यांना देता येईल, असे मला वाटते.

एका मुलीबद्दल सांगते. धनगर समाजातली, वडील वर्षातले सहा-सात महिने मेंढरांमागे बाहेर. गणित असे की फळ्यावर उदाहरण पुरे लिहून होण्याआधी हिचे उत्तर तयार. तिला पॉलिटेक्निकला जायचे होते. नववीत तिने मला विचारले होते, "बाई, त्याला काय काय लागतं?" मी म्हणाले, "आधी अभ्यास कर, बाकीचं निकालानंतर बघू." निकाल चांगला लागला. त्याच आठवड्यात ती वडिलांना घेऊन ऑफिसात आली आणि तेव्हा कळले की घरात कुणाचाच जातीचा दाखला काढलेला नाही. भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपल्याला पाठ आहे. आजोबा कधी शाळेत गेलेच नव्हते. शोधता शोधता आजोबांच्या चुलतभावाची नोंद शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सापडली. पिवळी पडलेली पाने, कडा कुरतडलेल्या, पण नाव स्पष्ट, जात स्पष्ट, तारीख १९६१ च्या आधीची. तो निर्गम उतारा, मग वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा अहवाल, सेतू केंद्र, प्रांत कार्यालय. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर. सगळे कागद हाती आले तोवर पॉलिटेक्निकच्या प्रवेश फेऱ्या आटोपल्या होत्या. खुल्या जागेची फी घरच्यांना झेपणारी नव्हती. तिने जवळच्या कॉलेजात अकरावी कला शाखेला नाव घातले. बारावीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात लग्न झाले. अठरा पूर्ण होती, कायद्याने कुणाला अडवता येत नव्हते. पत्रिका द्यायला ती स्वतः आली होती.

ज्या कपाटात तो उतारा होता ते कपाट माझ्या शाळेपासून आठ किलोमीटरवर आहे. ती आठवीत आमच्याकडे आली तेव्हाही ते रजिस्टर तिथेच होते. तीन वर्षे माझ्या हातात होती. दोष मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

मुलांना दहावीनंतरची वाट दाखवण्याच्या विषयावर कागद कमी झालेले नाहीत. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेत मार्गदर्शनाची व्यवस्था हवी असे सांगितले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये तेच अधिक विस्ताराने मांडले. २०१६ पासून आपल्या राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली आणि ती काही वर्षे चालली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे काम शिकावे असे म्हटले आहे. हे सगळे चांगलेच आहे. कलचाचणीवर त्या वेळी पुष्कळ टीका झाली, पण आपला कल कशाकडे आहे हा प्रश्न कुणीतरी आपल्याला विचारतो आहे, हे कित्येक मुलांना त्या चाचणीमुळे पहिल्यांदा कळले, असे माझे मत आहे. उणीव होती ती पुढची. 'तांत्रिक' असा कल आलेल्या मुलाने तो कागद घडी घालून दप्तरात ठेवला. त्या कागदावरून तालुक्याच्या आयटीआयपर्यंत जायचा रस्ता त्याला कुणी दाखवला नाही. ते काम मंडळाचे नाही, मंत्रालयाचेही नाही. ते शाळेचे आहे.

आपल्या भागात हा रस्ता दाखवणे का कठीण आहे, तेही बोलले पाहिजे. खानापूर-आटपाडीचा मुलगा दहावी झाला की घरात पहिला शब्द येतो तो 'दुकानाचा'. 'दुकानावर जातो का?' म्हणजे सोन्या-चांदीच्या गलाईच्या दुकानावर. कोईमतूर, कोलकाता, दिल्ली, कुठेही. या धंद्याला मी नावे ठेवणार नाही. पाऊस नव्हता, जमीन पिकत नव्हती, तेव्हा याच धंद्याने आपल्या माणसांना जगवले. या तालुक्यांतली अर्धीअधिक पक्की घरे त्या भट्टीवर उभी राहिली आहेत. पण पंधरा-सोळा वर्षांचे पोर भट्टीपुढे आणि तेजाबाच्या वाफेत उभे करणे हा निराळा मामला आहे. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर अठराच्या आतल्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बारावी झालेला आणि हिशोब कळणारा मुलगा त्याच दुकानात गेला तर चार वर्षांत गल्ल्यावर बसतो. दहावीनंतर लगेच गेलेला दहा वर्षांनीही भट्टीवरच असतो. हे बापाला समजते, फक्त ते सांगायला कुणीतरी घरी जावे लागते, आणि ते निकालानंतर नव्हे, दिवाळीत, जेव्हा दुकानावरचे काका-मामा गावी आलेले असतात आणि मुलाला न्यायचे ठरत असते तेव्हा.

आता तर टेंभू योजनेचे पाणी आले. ज्या रानात कुसळे होती तिथे द्राक्ष, डाळिंब, ऊस आहे. पण ठिबकचा संच बसवणारा, पंपाची मोटर भरणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा अजून बाहेरून बोलवावा लागतो. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हेच दाखवून दिले, की शाळेतली मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम शिकली, वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती, तर त्यांची बुद्धी कमी होत नाही, वाढते. तो प्रयोग पाबळपुरता राहिला नाही, राज्यातल्या अनेक शाळांनी तो विषय म्हणून घेतला. आपल्या जिल्ह्यात तो आणखी शाळांत यायला हवा.

मी स्वतः उशिरा शिकले, पण शिकले. त्या मुलीच्या प्रकारानंतर आम्ही दरवर्षी नववीचा वर्ग एक दिवस आयटीआयमध्ये नेऊ लागलो. पहिल्या वर्षीचा फिटरचा वर्ग मला अजून दिसतो. निदेशकांनी मुलांच्या हातात कानस दिली आणि लोखंडाचा तुकडा शेगड्यात आवळून सांगितले, "ही बाजू सपाट करा." पोरे हसत लागली. दहा मिनिटांत घाम फुटला, हसू थांबले. मग त्यांनी व्हर्नियर कॅलिपर आणून तुकडा मोजायला सांगितला. पुस्तकात व्हर्नियरचे चित्र पाहून गुण मिळवलेली माझी मुले ते यंत्र हातात धरून नुसतीच बघत राहिली. वर्गात कायम मागे बसणारा एक मुलगा होता, त्याला ते वाचता आले. बापाबरोबर गॅरेजात जात असे. त्या दिवशी सगळा वर्ग त्याच्याभोवती जमला. तो फिटर झाला, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेला. दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाला असे जाता येते, आणि डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हे आपल्याच कित्येक शिक्षकांना ठाऊक नसते. मग आयटीआय म्हणजे 'काहीच जमलं नाही म्हणून' ही समजूत मुलांच्या मनातून कशी जाणार?

अशा लहानसहान अडचणी तर पावलोपावली आहेत. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम द्यायचे. आमचे एक पोर अर्ज भरायला महा-ई-सेवा केंद्रात गेले. घरात चालू असलेला एकच मोबाइल नंबर, तो थोरल्या भावाचा, आणि भाऊ कोईमतूरला दुकानावर. प्रत्येक ओटीपी तिकडे जाणार, भाऊ भट्टीवर असला की फोन उचलणार नाही, आणि इकडे मुदत सरणार. शेवटी आमच्या लिपिकांनी भावाशी वेळ ठरवून घेतली, रात्री नऊनंतर. पंधरा दिवस तो रोज नऊ वाजता फोन जवळ ठेवून बसला. कमवायला परमुलखात गेलेल्या त्या पोराने धाकट्याच्या अकरावीसाठी एवढे केले. मग शाळेच्या चार भिंतींत बसून आपण किती करायला हवे!

जन्मतारखेची किंवा नावाची चूक असेल तर ती मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. मंडळाची प्री-लिस्ट येते तेव्हा मुलालाच नव्हे, आईलाही बोलावून नाव वाचून दाखवा. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, शिष्यवृत्त्या, मुलींना बारावीपर्यंत असलेला एसटीचा मोफत प्रवास, हे सगळे आपण नोटीस बोर्डावर लावतो. बोर्ड मुले वाचतात. पालक वाचत नाहीत, कारण ते शाळेत येत नाहीत. त्यांच्या वस्तीवर जावे लागते.

आणि नापास झालेली मुले. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता आपण पहिल्या आलेल्या मुलांचे पेढे खात असतो, तेव्हा दोन विषय राहिलेला मुलगा विहिरीकडे किंवा स्टँडकडे निघालेला असतो. त्याला माहीत नसते की दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीने अकरावीला बसता येते, आणि पुरवणी परीक्षा लगेच आहे. शाळा सुटून वर्षे झाली तरी सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा देता येते. त्या दिवशी पहिला फोन त्याच्या घरी गेला पाहिजे. पेढे संध्याकाळी खाता येतील.

मुलींच्या बाबतीत मी कठोर बोलते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल मेमध्ये येतो. या दोन महिन्यांत आपल्या भागात लग्नसराई असते. शाळा बंद, मुलगी घरात, पाहुणे घरात. सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरताना शाळेला कळत नाही असे होत नाही, वर्गातल्या मैत्रिणींना आधी कळते. ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पण तिथवर जायची वेळ येऊ नये म्हणून शेवटच्या पेपरच्या दिवशीच प्रत्येक मुलीला विचारा, "जूनमध्ये तू कुठे असशील?" उत्तर देताना जिची नजर खाली जाईल, तिच्या घरी त्याच आठवड्यात जा. एकटे नको, एखाद्या शिक्षिकेला आणि गावातल्या वडीलधाऱ्या बाईला सोबत घेऊन. मी गेले आहे. दोनदा अपमान होऊन परत आले, आणि तिसऱ्या घरची मुलगी आज नर्सिंग करते आहे.

आपल्यावर कामांचा डोंगर आहे हे मला कळते. निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, त्यात ही भर. तरीही मी मागणी करते, कारण हे काम आपल्याखेरीज कुणालाही करता येणार नाही. तीन वर्षे ते मूल आपल्या डोळ्यांपुढे असते. त्याच्या बापाचा पत्ता, आईचा स्वभाव, घरचे पाणी कुठून येते, हे आपल्याला माहीत असते. कुठल्याही समुपदेशकाला हे माहीत नसते.

म्हणून आज ठराव म्हणून नव्हे, विनंती म्हणून सांगते. आठवीत मूल आले की पहिल्या सहामाहीतच त्याच्या दाखल्यांची यादी करा आणि काय नाही ते लिहून ठेवा. नववीत एक दिवस त्याला आयटीआय, पॉलिटेक्निक, रुग्णालय, एखादे गॅरेज दाखवा. आणि शाळेत एक साधी दोनशे पानी वही घाला. दाखला दिल्यापासून पुढचे एक वर्ष, जूनमध्ये, दिवाळीत आणि पुढच्या मार्चमध्ये, तीन वेळा प्रत्येक मुलाला फोन करून तो कुठे आहे ते त्या वहीत लिहा. दुपारच्या चहाच्या वेळी मी आमच्या शाळेची ती वही मागच्या टेबलावर ठेवणार आहे. रकाने कसे आखले आहेत ते बघून घ्या, हवे तर फोटो काढा. आणि सोमवारी शाळेत गेलात की गेल्या वर्षी ज्यांच्या दाखल्यावर 'पुढील शिक्षणासाठी' लिहिले, त्यांतल्या पहिल्या दहा मुलांना फोन लावा.