ट्रक घेण्याआधीचा हिशोब

(पलूस येथे जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत चहाच्या वेळी आटपाडीकडच्या एका तरुणाने आम्हाला बाजूला घेतले. वय पंचवीस. सात एकर कोरडवाहू, शाळू आणि एखाद्या वर्षी कपाशी. खिशात अवजड वाहनाचा परवाना. तो म्हणाला, "दादा, दोन एकर विकतो आणि ट्रक घेतो. मालक मीच, ड्रायव्हरही मीच. तुमचे काय मत?" आम्ही तिथे उत्तर दिले नाही. सगळ्यांसमोर देऊ म्हणालो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. इथे बसलेल्या निम्म्या घरांत या ना त्या रूपाने तो आलेला आहे.

त्याला ट्रकच का सुचला, हेही समजून घेतले पाहिजे. पलूसच्या रस्त्यावर तासभर उभे राहा. नदीकाठचा ऊस जातो, द्राक्षाच्या पेट्या मुंबईला निघतात, किर्लोस्करवाडीतून 1910 सालापासून कारखान्याचा माल बाहेर पडतो. कोरडवाहू रानातून आलेल्या पोराला वाटते, पाऊस पडो न पडो, या गाडीवाल्याच्या हातात रोज पैसा खेळतो. खेळतो हे खरे आहे. त्यातला त्याचा किती, एवढाच प्रश्न आहे.

हा धडा आमच्या घराने विकत घेतलेला आहे. आमच्या चुलतभावाने 2011 साली जुना दहा टायरी ट्रक घेतला. आम्ही शेतकीचे पदवीधर, घरातले शिकलेले, म्हणून कर्जासाठीचा कागद आम्हीच तयार करून दिला. त्यात जाताना गाडी भरलेली आणि येतानाही भरलेली असे धरले होते. ड्रायव्हरचा पगार शून्य धरला, कारण ड्रायव्हर घरचाच. कागदावर नफा झकास दिसला. तीन वर्षांनी हप्ते थकले, गाडी ओढून नेली आणि सातबाऱ्यावर बोजा राहिला. चुलतभाऊ व्यसनी नव्हता, आळशीही नव्हता. महिन्यातले पंचवीस दिवस तो रस्त्यावर असे. चूक हिशोबात होती आणि तो हिशोब आमच्या हातचा होता.

म्हणून आज तोच हिशोब नीट मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या ओळखीच्या गाडीवाल्याला विचारून ते बदला, रीत मात्र बदलू नका.

समजा, बॉडीसकट नवी दहा टायरी गाडी 32 लाखांना पडली. 8 लाख पदरचे आणि 24 लाख कर्ज, 11 टक्क्यांनी, 5 वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता 52 हजारांच्या घरात येतो. गाडी महिन्याला 5,000 किलोमीटर पळाली आणि लिटरला 4 चे अॅव्हरेज दिले, तर 1,250 लिटर डिझेल लागेल. 90 रुपये भाव धरला तर 1 लाख 12 हजार 500. टोल 18 हजार. टायर किलोमीटरला 3 रुपयांप्रमाणे झिजतात, ते 15 हजार. विमा, कर, पासिंग मिळून महिन्याला 9 हजार. ऑइल, ग्रीस, गॅरेज आणि युरिया 12 हजार. हा युरिया शेतात टाकायचा नव्हे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या नव्या गाड्यांना धूर साफ करायला जे द्रावण लागते, त्याला ड्रायव्हर मंडळी युरिया म्हणतात. क्लीनरचा पगार आणि दोघांचे जेवण 18 हजार. दलाली, हमाली, वाराई 8 हजार. हप्ता धरून सगळे मिळून 2 लाख 44 हजार 500.

आता जमा बाजू. भरलेल्या गाडीला किलोमीटरला 62 रुपये भाडे मिळते असे धरू. 5,000 पैकी 4,000 किलोमीटर गाडी भरून पळाली, तर 2 लाख 48 हजार. शिल्लक 3,500 रुपये. महिनाभर घर सोडून, रात्री जागून साडेतीन हजार! दुसऱ्याच्या गाडीवर बसला असता तर पगार 25 हजार मिळाला असता. म्हणजे हा मालक स्वतःच्या खिशातून महिन्याला साडेएकवीस हजार घालून ड्रायव्हरकी करतो आहे. त्याला ते कळत नाही, कारण स्वतःचा पगार त्याने मांडलेलाच नाही.

गाडी 3,500 किलोमीटरच भरून पळाली, तर पगार न धरताही 27 हजार 500 चा खड्डा. 4,500 भरून पळाली, तर साडेचौतीस हजार उरतात. त्यातून 25 हजार स्वतःचा पगार घेतला तरी साडेनऊ हजार शिल्लक. पाहा, गाडी तीच, ड्रायव्हर तोच, डिझेल तेच. महिन्यात 500 किलोमीटर रिकामे की भरलेले, एवढ्यावर 31 हजारांचा फरक पडतो. ट्रक घ्यावा की नाही, याचे उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. परतीचे भाडे हातात आहे का, यात ते आहे. इथून वाशीच्या बाजारात द्राक्षे न्यायला गाडी कुणीही बोलावील. सव्वातीनशे किलोमीटर परत येताना गाडीत काय असेल, ते आज सांगता आले पाहिजे. आणि द्राक्षे काही महिनेच असतात. हप्ता बारा महिने असतो.

आता या धंद्याकडे जरा दुरून बघा. डिझेलचा भाव दुसरा ठरवतो. सरकारने ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलवरचे भावनियंत्रण काढले आणि जून 2017 पासून भाव रोज बदलू शकतो. लिटरला 5 रुपये वाढले की आपल्या हिशोबात महिन्याला सव्वासहा हजार गेले. टायरचा भाव कंपनी ठरवते, व्याज फायनान्सवाला, भाडे दलाल. बाराही बाजूंनी भाव दुसऱ्याचा आणि कष्ट आपले. ही तर आपली जुनी ओळख आहे! एक ट्रकचा मालक म्हणजे चाकावरचा कोरडवाहू शेतकरी.

आणि सरकारी धोरणाचा फटका इथेही बसतो. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. दहा टायरी गाडीचे मालासकट वजन 25 टनांवरून 28.5 टन झाले. तेवढ्याच गाड्यांत जास्त माल मावू लागला. पुढे 2019 मध्ये मालाचा उठाव मंदावला तेव्हा भरायला माल थोडा आणि रांगेत गाड्या फार, अशी गत झाली. कापसाची आयात झाली की गावातला भाव का बसतो, हे ज्याला कळते त्याला हेही कळेल. 2020 च्या टाळेबंदीत सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली. हप्ते थांबले, व्याज थांबले नाही.

याचा अर्थ परवान्यांचे जुने राज्य चांगले होते, असा कुणी घेऊ नये. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहतुकीचा परवाना काढणे सोपे झाले, म्हणून तर शेतकऱ्याचा पोरगा आज गाडीचा मालक होण्याचे बोलू शकतो. बाजार खुला झाला हे बरेच झाले. पण खुल्या बाजारात हिशोबाशिवाय उतरणाऱ्याला तो माफ करीत नाही.

कुणी म्हणेल, मुंबईचे भाडे नको, कारखान्याची ऊस वाहतूक धरू. तिथे माल ठरलेला आहे हे खरे. पण करार कसला आहे ते वाचा. बहुतेक ठिकाणी टोळी आणण्याची जबाबदारी वाहनमालकावर असते. मुकादमाला उचल तो देतो. टोळी आली नाही किंवा अर्ध्या हंगामात निघून गेली, तर उचल बुडते वाहनमालकाची आणि कारखान्याचे देणेही उभे राहते त्याच्याच नावावर. या पट्ट्यात अशी किती घरे बसली, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिकडे टोळीतला मजूरही कोरडवाहू शेतकरीच असतो, म्हणून त्याला शिव्या देऊन हा प्रश्न सुटत नाही. पण उचलीची जोखीम हिशोबात धरल्याशिवाय सही करू नये.

मग कोरडवाहूच्या पोराने काय करावे? जन्मभर ढगाकडे बघत बसावे? मुळीच नाही. आपल्याच भागातली गलाईवाली मंडळी आठवा. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसे दुष्काळी रान सोडून देशभर गेली आणि सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात उभी राहिली. ती पहिल्याच दिवशी दुकान घालून बसली नव्हती. आधी गाववाल्याच्या हाताखाली राहिली, भट्टीवर बसली, धंद्याची खोच शिकली, गिऱ्हाईक ओळखले. मग स्वतःची पाटी लावली.

तीच वाट ट्रकलाही लागू आहे. आधी दोन वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर बस. पगार घे आणि वही ठेव. कोणत्या महिन्यात किती किलोमीटर भरून, किती रिकामे, किती दिवस गाडी रांगेत उभी, भाडे हातात यायला किती दिवस लागले, सगळे लिही. कोणता ट्रान्सपोर्टवाला वेळेवर पैसे देतो, हे त्या दोन वर्षांत कळते. वहीत स्वतःचा पगार धरून शिल्लक दिसली आणि दोन्ही बाजूंचे भाडे देणारी निदान दोन माणसे मिळाली, तर गाडी घे. जुनी घेतलीस तर हप्ता हलका असेल, पण गॅरेजचा खर्च दुप्पट धर. तीन महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय पहिली फेरी करू नको.

आणि जमीन विकू नको, गहाणही टाकू नको. कोरडवाहू रान पिकत नाही हे आम्हाला शिकवायला नको. पण गाडी ओढून नेली, तर माणूस परत त्याच रानात येतो. आमचा चुलतभाऊ आला. सातबारा कोरा असता, तर त्याला दुसऱ्या वर्षीच उभे राहता आले असते. बोजा फेडण्यात त्याची नऊ वर्षे गेली.

शेवटी मायबहिणींना एक सांगणे आहे. नवरा गाडीवर गेला की खुरपणी, जनावरे, म्हातारी माणसे सगळे तुमच्या अंगावर येते. म्हणजे ट्रक दोघे चालवतात, एक रस्त्यावर आणि एक घरी. तुमची मजुरीही त्या वहीत लिहायला लावा. कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही मागितली, तर आधी वही मागा.

तो तरुण आज समोर बसला आहे. त्याने आपले दोन एकर अजून विकलेले नाहीत. आमचे उत्तर त्याला मिळाले असेल. पुढच्या बैठकीला त्याने वही घेऊन यावे. आमच्या चुलतभावालाही आम्ही बोलावले आहे. दोघे शेजारी बसून आकडे लावतील आणि या वेळी कागद आम्ही लिहिणार नाही.