पाच टक्के आमचे, पंच्याण्णव कुणाचे?

(रायगडच्या किनाऱ्यावरील शहरांतल्या मासळी विक्रेत्या, बचत गटांच्या महिला आणि नगरसेविका यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेलं भाषण.)



इथे बसलेल्या मावशींपैकी निम्म्या जणी पाटी शेजारणीवर सोपवून आल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. भरतीची वेळ आणि बर्फाचा भाव दोन्ही थांबत नाहीत, म्हणून मी थेट मुद्द्यावर येते. विषय आहे नगरपालिका. ऐकताच काहींच्या कपाळावर आठी आली. साहजिक आहे. आपल्यातल्या बहुतेकींना पालिका भेटते ती दोनच वेळा, घरपट्टीच्या बिलावर आणि बाजारपावती फाडणाऱ्या माणसाच्या हातात.

आपल्या जिल्ह्यात अलिबाग, मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन, उरण, पेण, रोहा, महाड, खोपोली, कर्जत, माथेरान अशा दहा नगरपालिका आहेत. तळा, म्हसळा, माणगाव, पोलादपूर, खालापूर अशा नगरपंचायती आहेत. पनवेलला तर 1852 पासून पालिका होती, 1 ऑक्टोबर 2016 ला तिची महानगरपालिका झाली. बहुतेक नगरपालिकांची निवडणूक त्याच 2016 च्या नोव्हेंबरात झाली होती. पाच वर्षं सरली, मुदत संपली, आणि मग ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात सगळं अडकलं. तेव्हापासून पालिका प्रशासकांच्या हाती होत्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे 2 डिसेंबर 2025 ला राज्यातल्या नगरपालिकांचं मतदान झालं, काही जागांचं 20 तारखेला, आणि मोजणी 21 डिसेंबरला.

म्हणजे चार वर्षांच्या आसपास आपल्या गावात सर्वसाधारण सभाच नव्हती. नळ चालू होते, कचरागाडी येत होती. प्रशासक वाईटच असतो असं मी म्हणत नाही. पण तो मत मागायला आपल्या दारात येत नाही, आणि त्याला अडवून विचारायला आपल्या आळीतलं कुणी सभेत बसलेलं नसतं. ठराव तोच मांडतो आणि तोच मंजूर करतो. या काळात काय काय मंजूर झालं, हे तुमच्यापैकी कितीजणींना माहीत आहे? हात वर करा. बघा, मीही नाही केला.

आता सभागृहं पुन्हा भरली आहेत आणि त्यात निम्म्या बायका आहेत. हे आपोआप झालेलं नाही. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली, तिने शहरांच्या कारभारात एकतृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. त्यामागे शिबिरं, मोर्चे, निवेदनं यांची कितीतरी वर्षं आहेत. आज इथे बसलेल्या नगरसेविकांना मी अभिनंदनाबरोबर एक विनंती करते. सभेची विषयपत्रिका घरी येते तेव्हा ती पहिल्यांदा तुम्ही वाचा. यजमान वाचतील, दीर वाचतील, पक्षाचे तालुकाध्यक्ष वाचतील. सगळ्यांना वाचू द्या, पण तुमच्यानंतर. हसताय, म्हणजे घराघरातलं बोलले मी.

माझं काम मासळी विकणाऱ्या बायकांबरोबर असतं, म्हणून तिथलंच सांगते. किनाऱ्यावरच्या एका शहरातली गोष्ट आहे, शहराचं नाव घेत नाही. तिथे मासळी बाजाराची जुनी शेड पाडून पक्की इमारत झाली. फरशी लावलेले ओटे आले, दिवे आले, उद्घाटनाला फटाके वाजले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ओट्यांवर मोजक्याच बायका होत्या, बाकीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला टोपल्या घेऊन बसलेल्या. का? ओटा एवढा उंच की पन्नाशीच्या बाईला दिवसभर चढ-उतर करवत नाही. मासळी धुतलेलं पाणी जायला गटाराचा उतार उलटा. गिऱ्हाईक बसस्टँडकडून येतं आणि नव्या इमारतीचं दार दुसऱ्या अंगाला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, स्वच्छतागृह बांधलेलं, रंगवलेलं, वर बाईचं चित्र काढलेलं, आणि कुलूप लावलेलं. किल्ली कुणाकडे, हे मला तीन खेपा घालूनही कळलं नाही.

पहाटे चारला बंदरावर लिलावाला जाणारी बाई दुपारी दोनला घरी परतते. दहा तास. ती काय करते? पाणी पीत नाही. उन्हात, मिठाच्या पाण्यात हात घालून बसायचं आणि घोटभर पाणी प्यायचं नाही. मग लघवीची जळजळ, ताप, डॉक्टर, औषधं. एका मावशीने मला सरळ विचारलं, "ताई, इमारत बांधताना आमाला कुनी इचारलं का?" नकाशा करणारा शिकलेला होता, ठेकेदार अनुभवी होता, मंजुरी देणारे अधिकारी होते. मासळी विकणारं मात्र त्यांच्यात कुणीच नव्हतं.

आम्ही स्वच्छतागृहाचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "महिला बालकल्याणच्या निधीतून बघू." या उत्तरावर जरा थांबते, कारण ते फार ठिकाणी मिळतं आणि वरवर गोड वाटतं. पालिकांनी पाच टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखायची असा सरकारचा दंडक आहे. त्यातून शिवणयंत्रं येतात, पिको-फॉलचे वर्ग होतात, ब्यूटी पार्लरचं प्रशिक्षण होतं. शिवणयंत्राला माझा विरोध नाही, कुणाच्या तरी घरात त्यावर चूल पेटते. पण बाजारातलं स्वच्छतागृह हा बायकांचा लाडका कार्यक्रम आहे का? बाजार पालिकेचा, ओट्याचं भाडं पालिका घेते, बाजारपावती पालिकेच्या ठेक्यावर फाटते. मग तिथली सोय बाजाराच्या खर्चातूनच व्हायला हवी. ती या पाच टक्क्यांत ढकलली की दोन गोष्टी होतात. एक, एवढ्याशा रकमेतून मुलींची अभ्यासिका, पाळणाघर, हिंसाचाराने गांजलेल्या बाईसाठी सल्लाकेंद्र यातलं काहीतरी कापलं जातं. दुसरी जास्त धोक्याची: पाच टक्के बायकांचे म्हटलं की उरलेले पंच्याण्णव पुरुषांचे, असं कुणी न सांगताच ठरून जातं. रस्ता, दिवे, पाणी, गटार, बाजार यात बाई राहत नाही का? कचरा उचलायला कोण जातं? अंधाऱ्या गल्लीतून क्लासवरून कोण येतं?

म्हणून आमची मागणी अशी लिहिली: स्वच्छतागृह बाजार विभागाच्या खर्चातून, किल्ली बाजारातल्याच विक्रेत्यांकडे, आणि सफाईची जबाबदारी ठेक्यात नमूद केलेली. अर्ज आवक-जावकला दिला, पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांचं प्रकरण वेगळं. त्यांच्यासाठी 2014 चा फेरीवाला कायदा आहे. ओट्यावरची बाई मंडईच्या नियमात येते, टोपलीवाली या कायद्यात. तो सांगतो की शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात निदान चाळीस टक्के विक्रेत्यांचे निवडलेले प्रतिनिधी हवेत, आणि त्यांत एकतृतीयांश बायका. पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांची पाहणी व्हायला हवी. आणि पाहणी होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिथे विक्रेते आणि गिऱ्हाईक जमतात त्या जागेला कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो. पुढच्या वेळी टोपली उचलायला गाडी आली, तर भांडण्याआधी हे विचारा: आमच्या शहराची पाहणी कधी झाली? समितीत आमच्यातली बाई कोण आहे? शांतपणे विचारायचं, लेखी विचारायचं. आवाज तर आपल्याकडे आहेच, तो नंतर काढता येतो.

तुम्ही म्हणाल, ताई, कागदाने काय होतं? आपल्याच जिल्ह्यातलं सांगते. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तो मान्य करून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, दप्तरात गेला, आणि तळ्याचं पाणी कुणालाच घेऊ दिलं नाही. तीन वर्षं तो नुसता कागद होता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांबरोबर तळ्यावर गेले, पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदात जीव आला. आणि लगेच ऑगस्टमध्ये त्याच पालिकेने तो ठराव रद्द केला! डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, मनुस्मृती जाळली. तिथे बाबासाहेबांनी बायकांपुढे वेगळं भाषणही केलं. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला 1937 उजाडलं. आपला स्वच्छतागृहाचा अर्ज त्या लढ्याच्या शेजारी ठेवायला मी धजणार नाही. एवढंच सांगते की पालिकेचा ठराव ही किती मोठी आणि किती पोकळ गोष्ट असू शकते, हे सगळ्या देशाने या जिल्ह्यात पाहिलं. ठराव करून घ्यावा लागतो, राबवून घ्यावा लागतो, आणि मागून कुणी रद्द करत नाही ना, यावर डोळा ठेवावा लागतो.

यासाठी इतिवृत्त वाचायची सवय लागायला हवी. सभेत काय ठरलं याची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते, अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाहीत. एका गटाने आमच्याकडे प्रत आणली तेव्हा पहिल्यांदा शब्दच कळेनात, "अवलोकनार्थ", "कार्योत्तर मंजुरी". कार्योत्तर म्हणजे आधी खर्च केला, मग विचारलं. हे समजल्यावर एक वहिनी म्हणाली, "आमच्या घरी मी असं केलं तर?" त्यावर हशा पिकला, पण त्यानंतर ती प्रत त्या गटाने शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली.

निसर्ग वादळ आठवतं ना? 3 जून 2020. पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. तेव्हा ज्यांच्या नावावर घर होतं त्यांच्या नावावर पंचनामा झाला, आणि घर बहुतेक करून बाईच्या नावावर नव्हतं. पंचनाम्याच्या वेळी आपल्या बाजूने बोलायला नगरसेविका दारात हवी असेल, तर तिची आपल्या गटाशी ओळख आत्ताच व्हायला हवी. म्हणून नगरसेविकांनो, महिन्यातून एक दुपार बाजारात येऊन बसा. खुर्ची नको, पाटीशेजारी बसा. मावशी सरकून जागा देतील.

मागच्या टेबलावर तीन कागद ठेवले आहेत: स्वच्छतागृहाच्या अर्जाचा मसुदा, पथविक्रेता समितीची चौकशी करणारं पत्र आणि माहिती अधिकाराचा नमुना. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आमच्या दोन मुली बसल्या आहेत. अंगठा चालतो. चहा त्याच टेबलाच्या पलीकडे आहे, पण आधी कागद.